टाकीच्या झाकणातील छिद्र

किराणा दुकानात पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना नोकराला वेगळे शिकवावे लागत नाही. एका कोपऱ्याला तो तेल ओतण्यासाठी छिद्र पाडतो आणि समोरच्या कोपऱ्याला दुसरे, लहानसे. हे दुसरे छिद्र नसेल तर धार क्षणभर बरी येते, मग अडखळते, गळगळ आवाज करीत थांबते आणि पुन्हा सुटते. जेवढे तेल बाहेर गेले तेवढी हवा आत यावी लागते. तिला वाट मिळाली नाही, तर डब्यात विरळ झालेली हवाच तेलाला मागे धरून ठेवते. डबे फोडण्यात पिढ्या गेलेल्या घरांत ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला ज्ञान असे कुणी म्हणतही नाही. त्याच घरातील मोटरसायकल रस्त्यात बंद पडली, म्हणजे मात्र या दुसऱ्या छिद्राची आठवण सहसा कुणाला होत नाही.

दिग्रसच्या किंवा घाटंजीच्या एखाद्या व्यापाऱ्याचा वसुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. वैशाखातील सकाळ आहे. दिवसभर खेड्यापाड्यांत फिरायचे म्हणून पेट्रोलपंपावर टाकी पूर्ण भरून घेतलेली आहे. गावाबाहेर काही किलोमीटर गेल्यावर गाडी झटके देऊ लागते, दम तोडते आणि बंद पडते. पाचदहा किका व्यर्थ जातात. इंजिनाला हात लावू म्हटले तर चटका बसतो. गाडी ढकलत कडुनिंबाच्या सावलीत नेऊन दहा मिनिटे बसावे, तोच पहिल्याच किकेला ती सुरू होते, जणू काही घडलेच नव्हते! पुढे पुन्हा तोच खेळ. परतताना उन्हे कलती होतात. सूर्यास्तापूर्वी घरी पोचून जेवण उरकण्याचा ज्यांचा नेम आहे, त्यांना त्या सावलीतील दहा मिनिटांची किंमत निराळी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी निदाने सुरू होतात. एक मेकॅनिक सांगतो, इंजिन तापते आहे, बोअर-पिस्टन करावे लागेल. दुसरा प्लग बदलून देतो. तिसरा म्हणतो, पेट्रोलमध्ये पाणी आहे. त्या बोलण्यावर विसंबून पंपमालकाशी शब्दाला शब्द होतो. दोघेही एकाच बाजारपेठेतले, सणासमारंभाला एकमेकांकडे जाणारे. टाकी भरल्यावरच गाडी बंद पडली, त्यामुळे पुरावाही भक्कम वाटतो. प्रत्यक्षात टाकी भरली होती म्हणूनच गाडी लवकर बंद पडली, हे शक्य आहे. पेट्रोलचा त्यात कसलाही दोष नसेल.

हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या रस्त्यांवर आजही कार्ब्युरेटरच्या शंभर सीसीच्या गाड्या मोठ्या संख्येने धावतात. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. तेव्हापासून खेड्यातील उधारी, वसुली आणि मालाची पोच या दुचाकींवर चालत आली. या गाड्यांत टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेण्यासाठी पंप नसतो. टाकी उंचावर, कार्ब्युरेटर खाली. पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. ही उंची ती किती? जेमतेम वीतभर. वीतभर पेट्रोलचे वजन म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या शेकडा दीड भागाइतकाच जोर. टाकीतील मोकळ्या जागेचा दाब बाहेरच्यापेक्षा एवढासा कमी झाला, की पेट्रोल उतरणे थांबते. कॉक उघडा असतो, नळी साफ असते, टाकी भरलेली असते, आणि तरीही खाली थेंब येत नाही.

टाकी गळ्यापर्यंत भरलेली असताना वर हवेला जागा फार थोडी उरते. त्या थोड्या जागेतून थोडेसेच पेट्रोल कमी झाले तरी हवा लगेच विरळ होते आणि गाडी काही किलोमीटरवरच बंद पडते. टाकी निम्मी रिकामी असेल, तर तेवढाच दाब उतरण्यासाठी बरेच अधिक पेट्रोल जावे लागते, म्हणून गाडी अधिक लांब जाते. टाकी तळाला आली असताना तर ती दिवसभर कुरकुर न करता चालते. ‘भरली की बंद पडते, रिझर्व्हला लावली की पळते’ अशी तक्रार ऐकू आली, की इंजिन खोलण्याचा विचार दूर ठेवून आधी झाकणाकडे पाहावे. पेट्रोलच्या भेसळीत असा हिशेब आढळत नाही. भेसळीचा संशय खराच असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडून जातो. भांडणाआधी एक थेंब पुरेसा असतो.

आता तापण्याचा प्रश्न. मेकॅनिक इंजिन तापते म्हणाला, तेही खोटे नव्हते. पेट्रोलचा पुरवठा एकदम तुटत नाही. आधी तो आक्रसतो. कार्ब्युरेटरच्या वाटीतील पातळी खाली जाते आणि सिलिंडरमध्ये हवा पूर्वीइतकीच, पण पेट्रोल कमी, असे मिश्रण जाऊ लागते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल याहून कमी पडले की ज्वलन रेंगाळते आणि सिलिंडर, पिस्टन व सायलेन्सरकडे जाणारी नळी अधिक तापतात. शिवाय आत शिरणारे पेट्रोल वाफ होताना जो थोडा गारवा देते, तोही कमी होतो. प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक बदामी असण्याऐवजी पांढुरके दिसते. अशा अवस्थेत मागे दोन पोती बांधून चढ चढवला, तर पिस्टन खरोखरच धरतो आणि ज्याची धमकी मेकॅनिकने दिली होती ते काम करावेच लागते. मूळ कारण मात्र झाकणातील टाचणीएवढ्या छिद्रात राहते. नवे बोअर-पिस्टन बसवून गाडी घरी आली, झाकण तेच राहिले, तर चार दिवसांत तीच तक्रार परत येते.

फसवणूक होते ती सावलीतल्या दहा मिनिटांमुळे. छिद्र तुंबलेले असेल तर त्या वेळात फटीफटीतून थोडी हवा आत झिरपते आणि पेट्रोल पुन्हा उतरू लागते. इंजिन खरोखर अति तापले असेल, तर तेवढ्या वेळात ते निवते. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल असेल, तर तीही थंड होऊन ठिणगी देऊ लागते. तीन निरनिराळ्या दोषांवर विश्रांतीचा गुण एकसारखाच येतो. म्हणून ‘थंड झाल्यावर सुरू होते’ या वाक्यावरून काहीच ठरत नाही. मेकॅनिकला हे वाक्य सांगितले की तो स्वाभाविकपणेच उष्णतेकडे वळतो.

या तिघांना वेगळे करणारी खूण गाडी बंद पडताक्षणीच मिळते. चावी बंद करावी, आसपास विडी-सिगारेट किंवा चूल नाही याची खात्री करावी, झाकणावर जाड फडके टाकून तोंड दूर ठेवावे आणि झाकण अगदी सावकाश फिरवून कान द्यावा. हवा आत ओढली गेल्याचा ‘सूं’ असा आवाज आला, झाकण परत लावल्यावर अर्ध्याएक मिनिटात वाटी भरली आणि गाडी सुरू झाली, तर दोष हवेच्या वाटेत आहे. आणखी खर्च करण्याचे कारण उरत नाही. झाकण उघडूनही गाडी ढिम्म राहिली तर प्लगची ठिणगी तपासावी. ठिणगी नसेल तर कॉइल व तिच्या जोडण्या, ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलची जाळी आणि मग इंजिन, असा क्रम धरावा. भर उन्हात उभ्या असलेल्या किंवा काठोकाठ भरलेल्या टाकीवर मात्र हा प्रयोग करू नये. आत दाब साठलेला असेल तर पेट्रोल उसळून तापलेल्या इंजिनावर पडते, आणि त्याचा परिणाम काय होईल ते सांगण्याची आवश्यकता नाही.

रस्त्यावर ही जोखीम नको वाटेल, त्यांच्यासाठी घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अधिक चांगली आहे. संध्याकाळी टाकी निम्म्याच्या आसपास असताना गाडी फिरवून आणावी, झाकण घट्ट लावून कॉक बंद करावा आणि रात्रभर ठेवावी. यवतमाळच्या उन्हाळ्यात दिवसा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो आणि पहाटे बराच उतरतो. टाकीतील हवा आणि पेट्रोलची वाफ रात्री थंडावून आक्रसते. पहाटे इंजिन थंड असताना झाकण उघडताच हवा जोराने आत खेचली गेल्याचा आवाज आला, तर रात्रभरात आत हवा जाऊ शकलेली नाही हे उघड आहे. नव्या गाड्यांत झडपा असल्यामुळे किंचित आवाज येणे हा दोष मानू नये. जोराचा, लांबलेला आवाज हा दोष.

तीच बंद वाट दिवसा उलट दिशेने त्रास देते. पेट्रोल दर अंशाला सुमारे हजारात एक भाग फुगते; म्हणजे दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर जवळजवळ २०० मिलिलिटर वाढते. वाफेचा दाब त्याहून वेगाने चढतो. बाजार समितीच्या आवारात दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीची हवेची वाट बंद असेल, तर हा दाब पेट्रोलला खाली रेटतो. कार्ब्युरेटरची सुई जरा झिजलेली असली की वाटी भरून वाहते. गाडीजवळ जाताच वास येतो, खाली ओल दिसते आणि किक मारली तर इंजिनात पेट्रोल माजल्यामुळे ती सुरू होत नाही. दुपारी पेट्रोल वाहते आणि संध्याकाळी थांबते, या दोन तक्रारी वेगवेगळ्या दोषांच्या वाटतात. पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते. टाकी गळ्यापर्यंत न भरता थोडी जागा मोकळी सोडावी, असे कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात ते याच कारणाने. ‘अजून बसेल थोडे’ हा आग्रह जेवणाच्या पंक्तीत शोभतो, पेट्रोलपंपावर नव्हे.

वाट बंद होते कशाने, याची कारणे या जिल्ह्यात तरी गूढ नाहीत. पहिले कारण धूळ. झाकणाच्या आतील छिद्र बारीक असते आणि पुष्कळ झाकणांत त्यामागे हवा आत घेणारी, पण पेट्रोल बाहेर न सोडणारी छोटी झडप असते. वणीच्या बाजूला कोळशाची काळी धूळ, जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू, आणि उन्हाळ्यात सर्वत्र उडणारी काळ्या मातीची भुकटी. पेट्रोलचा ओलावा लागला की यांचा घट्ट लेप तयार होतो. दुसरे कारण माणसांनी हौसेने केलेले. टाकीचा रंग खराब होऊ नये म्हणून रेक्झिनचे कव्हर चढवतात, त्याची झडप झाकणावर चपखल बसते आणि हवेची वाट गुदमरते. पावसाळ्यात पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. तिचाही परिणाम तोच. तिसरे कारण चावी हरवल्यावर घेतलेले स्वस्त झाकण. बाहेरून ते हुबेहूब दिसते, फक्त काहींना आतून छिद्रच नसते! चौथे, टाकी काढून परत बसवताना खालची निचऱ्याची किंवा हवेची नळी चिमटली जाणे. सीटखाली दबलेली ती नळी नंतर कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

आणखी एक कारण लहानसे आहे, परंतु या मासिकाच्या वाचकांना ते थांबवून विचार करायला लावील. चातुर्मासात प्रवास कमी झाल्याने गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर कुंभारीण माशी नळीच्या उघड्या टोकात मातीचे घर बांधते. आत तिची अळी असते. नंतर तार घालून ते घर फोडण्यापेक्षा नळीच्या टोकाला आधीच बारीक जाळीचा तुकडा बांधून ठेवणे सोपे, आणि गाडी आठवड्यातून एकदा हलवणे त्याहून सोपे.

सफाईचे काम कठीण नाही, पण त्यातही घाई नडते. झाकण गाडीपासून दूर नेऊन, उघड्या हवेत, मऊ ब्रश आणि फडक्याने साफ करावे. रबरी वॉशरला सुई टोचू नये. तो फाटला तर पावसाचे पाणी टाकीत उतरते आणि नवे दुखणे सुरू होते. छिद्र मोकळे झाले की नाही हे झाकण पूर्ण कोरडे झाल्यावर रबरी फुग्याने हवा देऊन पाहावे. तोंडाने फुंकू नये. टाकीला जोडलेल्या नळीत पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही सोडू नये. टाकीत डोकावण्यासाठी काडी किंवा लायटर पेटवणारे महाभाग अजून भेटतात, म्हणून तेही स्पष्ट लिहिणे भाग आहे. तात्पुरता उपाय म्हणून झाकण सैल ठेवून गाडी चालवण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. खड्ड्यात आदळताच त्या झाकणातून उडालेले पेट्रोल चालकाच्या मांडीवर आणि इंजिनावर येते. त्यापेक्षा गाडी टेम्पोत घालून आणलेली बरी.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत चित्र काहीसे बदलले आहे. बहुतेकांत कार्ब्युरेटर गेला आणि टाकीच्या आत विजेचा पंप आला. तो पेट्रोल दाबाने पाठवतो, त्यामुळे वीतभर उंचीचे गणित तेथे लागू होत नाही आणि झाकण तुंबले तरी गाडी लगेच मान टाकत नाही. मात्र पंपाचा कण्हल्यासारखा आवाज वाढतो आणि वेगात गाडी ओढत नाही. या गाड्यांत टाकीची वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डबीत साठवून इंजिनात जाळली जाते. टाकी काठोकाठ भरण्याच्या सवयीने वाफेऐवजी पातळ पेट्रोलच त्या डबीत शिरते. मग पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि वास सुटतो. नळी काढून फेकून देण्याचा सल्ला अशा वेळी मिळतो. तो घेऊ नये. पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होताच थांबावे, एवढे पथ्य पुष्कळदा पुरेसे ठरते.

झाकण निर्दोष निघाले आणि तरीही इंजिन तापत असेल, तर मोठ्या खर्चाआधी पाहण्याजोग्या चार गोष्टी उरतात. पहिली म्हणजे इंजिन ऑइल. शंभर सीसीच्या इंजिनात ते मुळातच एक लिटरच्या आसपास असते. त्यातून पावभर जळाले तर चौथाई कमी झाले. गाडी सपाट जागी सरळ उभी करून पट्टीवर पातळी पाहण्याला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे न काढल्यामुळे निकामी झालेली इंजिने गॅरेजमध्ये शोधावी लागत नाहीत. दुसरी, सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पात्या. हवेने थंड होणारे इंजिन या पात्यांतूनच उष्णता बाहेर टाकते. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती त्यांच्यात भरते, दिवाळीपर्यंत विटेसारखी वाळते आणि उन्हाळ्यात इंजिनावर गोधडी पांघरल्यासारखे होते. इंजिन थंड असताना पाणी व लाकडी काडीने ती काढावी. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नये. तिसरी, घासत राहणारा ब्रेक किंवा फार ताणलेली चेन. गाडी स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते सहज फिरत नसेल तर इंजिन दिवसभर ब्रेकशी झुंजत असते. चौथी, हवेच्या जाळीचा फिल्टर आणि कार्ब्युरेटरला इंजिनाशी जोडणारे रबर. रबराला चीर गेली की तेथून जादा हवा शिरते आणि पेट्रोल कमी पडल्याचाच परिणाम होतो. जुन्या गाड्यांत हे रबर आणि पेट्रोलची नळी आता अधिक वेळा तपासावी लागते, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर बोलावे कसे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. ‘गाडी तापते’ एवढेच सांगितले तर मेकॅनिक तापण्याचेच काम करील. टाकी किती भरली होती, किती किलोमीटरवर बंद पडली, झाकण उघडल्यावर आवाज आला का, आला तर हवा आत गेली की बाहेर आली, लगेच सुरू झाली की थांबावे लागले, हे वहीत दोन ओळींत टिपून नेले तर त्याचेही काम सोपे होते. जमाखर्च लिहिणाऱ्या हातांना ते जड नाही. जाणकार मेकॅनिक मग कार्ब्युरेटरकडील नळी काढून बाटलीत धार सोडतो आणि झाकण बंद ठेवून पाहतो. धार हळूहळू बारीक होत थांबली आणि झाकण उघडताच पुन्हा भरून आली, तर प्रश्न मिटला. झाकण उघडे असूनही धार बारीकच राहिली, तर टाकीचा गंज कॉकच्या जाळीत अडकला आहे. हे काम थंड इंजिनावर, मोकळ्या जागेत आणि जाणकारानेच करावे.

झाकण बदलायचे ठरलेच, तर जुने सोबत न्यावे. दुकानदाराने नवे समोर ठेवल्यावर ते उलटे करून खालच्या बाजूचे छिद्र आधी शोधावे, मग किंमत विचारावी.